रोगाची आणेवारी

माणदेशात एखाद्या घरातल्या कर्त्या मुलाला महिनोन्‌महिने शौचावाटे रक्त पडू लागले, पोटातल्या कळांनी त्याचे अंग झडू लागले, आणि आव किंवा मूळव्याध समजून केलेले सर्व उपाय हरले, म्हणजे घरातली वडीलधारी माणसे एका निराळ्याच चौकशीला आरंभ करतात. ‘कुळदेवाचं काही राहिलंय का?’ ‘कुणाचा तळतळाट लागला?’ खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाला बोललेला एखादा नवस फेडायचा राहून गेल्याचे मग कोणाला तरी आठवते. या चौकशीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु हे दुःख याच देहाच्या वाट्याला का आले, हा तिच्या तळाशी असलेला प्रश्न धर्मचिंतनाइतकाच प्राचीन आहे, आणि कोणते शास्त्र त्याला कोठवर उत्तर देऊ शकते याचा निवाडा केल्यावाचून त्याची बोळवण करता येत नाही.

स्मृतिकारांचे उत्तर निःसंदिग्ध होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापे आणि व्याधी यांची फेरिस्तच दिलेली आहे: सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप होतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, ब्रह्मघातक्याला क्षय होतो. आता विटा, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातल्या गलाईवाल्यांचा विचार करावा. अवर्षणापायी गाव सोडून देशोदेशीच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या थाटून बसलेल्या या माणसांच्या बोटांना आणि नखांना तेजाबाचा पिवळा डाग पडतो, तो साबणाने निघत नाही. सोन्याशी संबंध आणि नखांचा विकार असे दोन्ही पुरावे हजर असल्याने स्मृतीच्या न्यायासनापुढे हा निष्पाप कारागीर गतजन्मीचा चोर ठरेल. भट्टीपाशी घटकाभर उभा राहणाऱ्याला मात्र कारण तेजाबाच्या बरणीत सापडेल. कर्मविपाकाच्या त्या फेरिस्तीतला मूळ दोष हाच, की तीत रोग हाच गुन्ह्याचा दाखला मानला जातो आणि आरोपीला कैफियत मांडायला जागाच उरत नाही.

परंतु आपल्याच परंपरेत दुसरी एक वाट आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, गंगातीरी पांचालांच्या कांपिल्य नगरीत, अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयाला, विचारतो की, ज्यांची प्रकृती, आहार, बल, मन आणि वय ही सर्व भिन्न आहेत, अशा माणसांना एकच व्याधी एकाच काळी कशी ग्रासते? आत्रेय उत्तर देतो की वायू, उदक, देश आणि काल ही चार सर्वांना समान असतात, आणि ती बिघडली म्हणजे जनपदाचा विध्वंस होतो. या बिघाडाच्याही मुळाशी तो अखेर अधर्मच ठेवतो हे खरे. तथापि त्या अधर्माचा आरंभ तो देशाच्या आणि नगरांच्या अधिपतींपासून मोजतो, खाटेवरच्या रोग्यापासून नव्हे. साथरोगशास्त्राचा पहिला प्रश्न अग्निवेशाने विचारला, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आरंभी सांगितलेली लक्षणे आतड्याच्या ज्या दीर्घ दाहाची असू शकतात, त्याचे मुख्य प्रकार दोन: सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली लंडनमध्ये वर्णिलेला, मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली लिहिलेल्या निबंधावरून ओळखला जाणारा क्रोनचा विकार, ज्याचे आतड्याच्या क्षयाशी इतके साम्य असते की निष्णात वैद्यांचीही फसगत व्हावी. हे पाश्चात्त्यांचे रोग आहेत, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. लुधियानाच्या वैद्यांनी पंजाबात घरोघर फिरून ५१,९१० माणसांची विचारपूस केली, तेव्हा त्यांना कोलायटिसचे २३ रोगी आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. हा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला आणि ती समजूत टिकली नाही. त्यापूर्वी, १९९२ साली, इंग्लंडातील लेस्टर परगण्याच्या पाहणीत तेथे स्थायिक झालेल्या हिंदू व शीख कुटुंबांत हा विकार स्थानिक गोऱ्या लोकांहूनही अधिक आढळला होता. कुळ तेच, रक्त तेच, देव्हाऱ्यातले देवही तेच. बदलले होते ते आत्रेयाचे उदक, देश आणि काल.

या विकारांवरच्या संशोधनातला एक निष्कर्ष नीतिवाद्याला चक्रावून टाकणारा आहे. धूम्रपानाने क्रोनचा विकार बळावतो, पण अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र विडी ओढणाऱ्यांत कमी आढळतो, आणि व्यसन सोडल्यानंतर त्याचा धोका वाढतो. म्हणून कोणी विडी ओढावी असे नव्हे, कारण तिच्या इतर प्रतापांपुढे हा लाभ कस्पटासमान आहे. पण पुण्यवानाला आरोग्य आणि पाप्याला रोग असा हिशेब निसर्गाच्या दप्तरात नाही, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मग गणनेने मूळ प्रश्न सुटला काय? नाही. दुष्काळाच्या साली महसूल कचेरी गावाच्या पिकाची आणेवारी ठरवते. ती पन्नास पैशांच्या आत आली की सबंध गावाला सवलती मिळतात, परंतु कोणत्या बांधात कणीस भरले आणि कोणत्या बांधात करपले हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. लाखात ४४ हा आकडाही तसाच आहे. तो जनपदाविषयी बोलतो. त्या चव्वेचाळिसांत आपलाच मुलगा का, हे आईला सांगत नाही. पुष्कळ धर्मनिष्ठांना यात शास्त्राचे दारिद्र्य दिसते. मला त्यात शास्त्राचा संयम दिसतो, आणि हा संयम धर्माने उसना घेण्याजोगा आहे. कारण ‘का’ या प्रश्नाचे खोटे उत्तर देऊन रोग्याच्या माथी वेदनेवर अपराधही लादण्यापेक्षा तेथे मौन पाळणे अधिक धार्मिक होय.

सावध राहायचे ते एका नव्या स्मृतीपासून. ‘बाहेरचं खाल्लं’, ‘जागरणं केली’, ‘शहरात जाऊन बिघडला’ असे म्हणणारे सुशिक्षितही कर्मविपाकच सांगत असतात. फक्त गतजन्माच्या जागी त्यांनी राहणी आणून बसवली आहे. आहाराचा आणि नागर जीवनाचा या रोगाशी संबंध असावा असे अभ्यासक मानतात, परंतु समूहाविषयीचे अनुमान एका माणसावर आरोपपत्र म्हणून बजावण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. आत्रेयाने त्याच अध्यायात म्हटले आहे की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते, आणि सारे नियतच असते तर औषधाचे प्रयोजनच उरले नसते.

नवस फेडायचा तर अवश्य फेडावा. श्रद्धेने मनाला बळ येते. पण शौचावाटे रक्त पडणे काही आठवड्यांत थांबले नाही, तर साताऱ्याला, सांगलीला, मिरजेला, जेथे आतड्याची दुर्बिणीने तपासणी होते तेथे रोग्याला आधी न्यावे, आणि त्याने काय पाप केले हे त्याला कोणीही विचारू नये.