न दिसणाऱ्याची दखल

पावसाळ्याच्या तोंडाशी मोसम नदी गढूळ होऊन वाहू लागते आणि बागलाण तालुक्यातल्या नामपुरात डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य कानावर पडू लागतं : पाणी उकळून, गार करून प्या. सांगायला सोपं, पाळायला जिकिरीचं.

पातेल्याच्या तळाशी आधी बारीक बुडबुडे धरतात. ती उकळी नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. मग पाणी तळापासून उलटंपालटं होत खळखळू लागतं. तसं मिनिटभर खळखळलं की पटकी, विषमज्वर, काविळीचे जंतू उरत नाहीत. १५६७ मीटर उंचीच्या साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळेल, तरी तेही निर्धोक. कारण हे जंतू त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला मरतात.

या कामाचं मोठेपण असं की त्याचं फळ डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाणी उकळण्याआधी जसं दिसतं तसंच नंतरही दिसतं. जे दिसत नाही ते आहे असं मानून रोज सरपण जाळायचं, हा बुद्धीवरचा विश्वास आहे. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू पाण्याच्या तळ्यापर्यंत माग काढत ओळखला, तेव्हा या विश्वासाला पुरावा मिळाला.

पण न दिसणाऱ्याची दखल बागलाणात त्याच्या कितीतरी आधीपासून घेतली जात होती. याच तालुक्यात मांगीतुंगीचं जैन तीर्थ आहे. जैन साधू-साध्वी उकळलेलंच पाणी घेतात. त्याआधी ते जाड फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेलं ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत अलगद परत सोडायचं, अशी रीत. डॉक्टर जंतूपासून माणसाला जपतात, ही रीत माणसापासून जिवाला जपू पाहते. वाटा वेगळ्या, पण पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, त्यात आपल्याखेरीजही काही आहे, हे भान दोन्हींकडे सारखंच.

हे भान पातेल्यापाशी थांबलं तर अपुरं पडतं. उकळीने जिवंत ते मरतं, विरघळलेलं जात नाही. शेतातल्या युरियातून विहिरीत झिरपलेलं नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटेल तसं उलट दाट होतं. शिवाय दहा लिटर पाणी उकळायला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, साध्या चुलीवर दीड-दोन किलो लाकूड. हा भार बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतो, आणि ज्या घरात सरपणाचीच ओढ, तिथे आधी पाणी उकळणं सुटतं.

याच मोसमच्या काठी फड पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या पाट चालले. पाणी सगळ्यांचं, म्हणून पाळी सगळ्यांनी ठरवायची आणि पाटकऱ्याने ती राखायची. शेताच्या पाण्याला लावलेली ही शिस्त पिण्याच्या पाण्यालाही हवी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर वेळेवर टाकतो का, विहिरीभोवती सांडपाणी तुंबतं का, पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर गावाला हिरवं कार्ड मिळालं, पिवळं की लाल, हे ग्रामसभेत विचारलं गेलं पाहिजे. पाणी अवश्य उकळावं. पण गावाने करायचं काम एकट्या चुलीवर सोपवू नये.