खालच्या खुर्चीचा मान

इंग्लंडमधल्या यॉर्कशर-लँकेशरकडच्या ब्रास बँडमध्ये दहाव्या वर्षी कॉर्नेट हाती घेतलेला मुलगा सत्तरीतही त्याच बँडमध्ये वाजवताना सापडतो. याचं श्रेय गावाच्या प्रेमाला देण्याची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. प्रेम सगळ्याच गावांत असतं. साठ वर्षं टिकायला सोय लागते.

ही सोय बँडच्या घडणीतच आहे. पितळी वाद्यं पंचवीस: दहा कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास; शिवाय तालवाद्यं. बास ट्रॉम्बोन वगळता झाडून सगळ्या पितळी वाद्यांचं नोटेशन ट्रेबल क्लेफमध्ये. बासचे सूर खर्जातले, तरी कागदावर ते कॉर्नेटसारखेच दिसतात आणि बोटंही तशीच पडतात. त्यामुळे दात हलले, ओठांची ताकद ओसरली, वरचे सूर निघेनासे झाले, की माणूस नवी लिपी न शिकता मोठ्या माउथपीसच्या वाद्याकडे सरकतो. (बासला फुंक दांडगी लागते, हे वेगळं.) वाद्यं बहुधा बँडच्या मालकीची असल्याने खिशालाही फार चाट बसत नाही. म्हातारपणी बाहेर पडायचं नाही, आत सरकायचं.

या परंपरेचं सोवळं चित्र मात्र रंगवू नये. ब्लॅक डाइक बँडला 1855 मध्ये जॉन फॉस्टरच्या गिरणीचा आश्रय मिळाला. अशा आश्रयात गिरणीचा लौकिक आणि कामगारांना दारूच्या गुत्त्यापासून दूर ठेवणं, हे दोन्ही हिशेब असत. बायकांना कित्येक बँडांची दारं दीर्घकाळ बंद होती. आयुष्यभराची ही सोय अर्ध्या गावापुरतीच होती.

आपल्याकडे ही वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आली आणि पुढे वरातीत शिरली. तिथे ती पोटाचा धंदा झाली. बँडवाला वरातीच्या पुढे चालतो, पण पाहुण्यांत मोजला जात नाही. तिकडचा हौशी वादक उलट पदरची वर्गणी भरून वाजवतो. फरक सुरांचा नाही, खुर्ची कोणाची याचा आहे.

तिकडेही ती खुर्ची निर्धोक नाही. ग्राइमथॉर्प कोळसाखाणीचा बँड 1917 चा. ऑक्टोबर 1992 मध्ये सरकारने 31 खाणी बंद करण्याचं जाहीर केलं, त्यात ग्राइमथॉर्पही होती; त्याच महिन्यात तिच्या बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. पुढल्या वर्षी खाण बंद झाली. बँड आजही आहे, पण खाणकाम हा आता त्यातल्या माणसांचा धागा नाही. स्पर्धांच्या अव्वल श्रेणीत टिकायचं तर बाहेरून तयारीचे वादक आणावे लागतात, आणि मग गावातल्या थकलेल्या माणसाची जागा जाते. आयुष्यभर वाजवण्याची परंपरा म्हणूनच मला करंडकवाल्यांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या बँडांत जास्त शाबूत दिसते.

स्पर्धेच्या नादाने बँड तालमीला जमतो, हेही नाकारता येत नाही. परीक्षक आडोशामागे बसतो. वाजवणारा पंधरा वर्षांचा की पंच्याहत्तरचा, हे त्याला कळत नाही, फक्त फुटलेला सूर कळतो. तो सूर कोणाचा, हे बँडमास्तरला आधीच ठाऊक असतं. पुढच्या रांगेतल्या जुन्या माणसाला ‘आता मागे, तिसऱ्या कॉर्नेटवर या’ हे स्पर्धेच्या आधी सांगायचं की नंतर, हे त्यालाच ठरवावं लागतं.