निसरड्या वाटेवरचा गुन्हा

कुवेतच्या दूरचित्रवाणीला 1961 साली प्रारंभ झाला. त्यानंतरच्या सहा दशकांत तेथे निर्माण झालेल्या मालिकांपैकी 1977 साली प्रसारित झालेल्या ‘दर्ब अल-झलग’ या मालिकेला जो लौकिक लाभला, तो अन्य फार थोड्या कलाकृतींच्या वाट्याला आला असेल. ‘निसरडी वाट’ असा या शीर्षकाचा अर्थ होतो. अब्दुलअमीर अल-तुर्की यांचे लेखन, हमदी फरीद यांचे दिग्दर्शन आणि अब्दुलहुसेन अब्दुलरिदा, सअद अल-फरज, खालिद अल-नफीसी, अली अल-मुफीदी यांच्यासारख्या नटांचा संच यांमुळे ती केवळ कुवेतची न राहता साऱ्या आखाती प्रदेशाची मालिका झाली, तिचे पुनःप्रक्षेपण होत राहिले आणि तिच्यातील संवाद बोलण्यात रुळले. तिची गणना सर्वत्र विनोदी मालिका म्हणून होते आणि तिचे कौतुकही त्याच नात्याने होते. तथापि तिचा विषय फसवणूक हा आहे, आणि कथेचा प्रत्येक टप्पा कोणी कोणाला कसे गंडवले या प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून हा लौकिक आजही टिकण्याजोगा आहे का याचा विचार करायचा झाल्यास तिच्याकडे विनोदापेक्षा गुन्हेनाट्य म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरते.

गुन्हेनाट्य म्हणजे ज्यात गुन्ह्याची घटना, त्यामागचा हेतू आणि त्याचा उलगडा यांवर कथानकाची उभारणी होते असे नाट्य. मराठी प्रेक्षकाची या प्रकाराशी ओळख मुख्यतः पोलिसी तपासाच्या वाटेने झाली. बी. पी. सिंग यांची मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ आणि त्यांचीच, 1998 साली सुरू होऊन शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नमुळे घराघरात पोहोचलेली हिंदी ‘सीआयडी’ या मालिकांनी जो साचा रूढ केला, त्यात प्रेत सापडते, प्रयोगशाळेतून पुरावा येतो, संशयितांची उलटतपासणी होते आणि अखेरीस एका माणसाकडे बोट दाखवून प्रकरण मिटते. या साच्याचे सोयीचे गृहीतक असे की गुन्हा हा एका विशिष्ट व्यक्तीत वसतो आणि तिला बेड्या घातल्या की समाज पुन्हा निरोगी होतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी 1939 साली ‘पांढरपेशा गुन्हा’ ही संकल्पना मांडून या गृहीतकाला तडा दिला. प्रतिष्ठित माणसे आपल्या व्यवसायाच्या ओघात जे गुन्हे करतात, त्यांची मुळे दारिद्र्यात किंवा विकृतीत शोधून सापडत नाहीत, असे त्यांच्या मांडणीचे सार होते. ‘दर्ब अल-झलग’ त्याही पुढचा प्रश्न विचारते: जिथे फसवणारा आणि फसणारा यांच्या मनात एकच इच्छा नांदत असते, तिथे गुन्हेगार कोणाला म्हणावे?

कथानकाचा पाया ‘तथमीन’ या शासकीय व्यवहारावर रचलेला आहे. तथमीन म्हणजे मूल्यांकन. कुवेतमधून तेलाची निर्यात 1946 साली सुरू झाल्यानंतर राज्यकर्त्यांसमोर तो पैसा प्रजेपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न उभा राहिला. 1950च्या दशकात नव्या नगररचनेच्या आराखड्यानुसार जुन्या तटबंद शहरातील मातीची, चौकाची घरे सरकारने चढ्या दराने विकत घेण्याचा सपाटा लावला, 1957 साली शहराची तटबंदीही पाडली गेली आणि मोती, मासेमारी व गलबतांवर जगलेल्या कुटुंबांच्या हाती एकाएकी मोठी रक्कम आली. मालिकेतील हुसेन आणि सअद हे दोघे भाऊ अशाच एका घराचे वारस आहेत. घराचा मोबदला मिळताच त्यांना व्यापारी होण्याची स्वप्ने पडू लागतात, एकामागून एक बेत आखले जातात आणि एकामागून एक फसतात.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. नवी मुंबईसाठी झालेले भूसंपादन, पुण्याच्या वेशीवरील हिंजवडी-मुळशीच्या जमिनींना आलेला भाव यांतून ज्यांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणून चिडवू लागले तो वर्ग आणि कुवेतचे हे दोन भाऊ यांचे गोत्र एकच आहे. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (2018) या चित्रपटाने जमीन विकून बसलेल्या बापाचा मुलगा टोळीयुद्धात कसा ओढला जातो हे दाखवले. तिथे मोबदल्याच्या पैशाचा शेवट रक्तात होतो, तर कुवेतच्या मालिकेत तो हास्यास्पद दिवाळखोरीत होतो. शेवट निराळे असले तरी निदान एकच आहे, ते असे की पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाशी नाते तुटलेला पैसा माणसाला आधी चतुर असल्याचा भास देतो आणि मग त्या भासाची किंमत वसूल करतो.

मालिकेतील सर्वांत गाजलेला प्रसंग इजिप्तच्या पिरॅमिडच्या सौद्याचा आहे, ज्यात एक रुबाबदार ‘पाशा’ या भावांना पिरॅमिड विकण्याचा घाट घालतो. सार्वजनिक वास्तू विकणारा ठग ही कल्पना नवी नव्हती. नटवरलालने ताजमहाल विकल्याच्या कथा भारतात घरोघरी माहीत आहेत, आणि इजिप्तच्या चित्रपटसृष्टीत फतीन अब्दुलवहाब यांनी 1959 साली ‘अल-अतबा अल-खद्रा’ या चित्रपटात इस्माईल यासीनला कैरोतील एक अख्खा चौक विकून टाकला होता. त्या चित्रपटात फसणारा हा खेड्यातून शहरात आलेला भोळा माणूस असल्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती आपसूक त्याच्याकडे जाते. कुवेतचे भाऊ मात्र भोळे नाहीत, तर लोभी आहेत. हजारो वर्षे उभी असलेली वास्तू कोणाच्या मालकीची असू शकते का, हा साधा प्रश्न त्यांना सुचत नाही, कारण सुचला असता तर सौदा हातचा गेला असता. ठकसेनाचे सारे कौशल्य समोरच्याला खोटे पटवून देण्यात नसून, समोरच्याने स्वतःशीच बोलायला सुरू केलेले खोटे न मोडण्यात असते, हे फसवणुकीचे मर्म या एका प्रसंगात जितके नेमके पकडले गेले आहे तितके ते अनेक गंभीर गुन्हेपटांत सापडत नाही.

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (1962) या नाटकाशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नाना वेश पालटून कुटुंबेच्या कुटुंबे नागवतो आणि न्यायालयात उभा राहून सारे नाकारतो. प्रभाकर पणशीकरांच्या अभिनयाने हा ठक मराठी रंगभूमीवरील अविस्मरणीय पात्र झाला, परंतु नाटकाची रचना अशी आहे की प्रेक्षक फसवणाऱ्याच्या कसबावर लुब्ध होतो आणि फसणाऱ्यांची कीव करतो. ‘दर्ब अल-झलग’मध्ये न्यायालयाचा पिंजरा जणू प्रेक्षागृहाकडे वळवलेला असतो. आज फसलेला उद्या दुसऱ्याला फसवण्याचा बेत आखतो आणि त्या दोन्ही अवस्थांत तो शेजारी-पाजाऱ्यांसारखाच दिसतो. तपास नाही, शास्ती नाही, एकच खलनायक नाही, आणि तरीही गुन्हा सर्वत्र आहे.

या निदानाची अचूकता मालिकेच्या प्रसारणानंतर पाच वर्षांतच सिद्ध झाली. 1973 साली तेलाच्या किमती अनेक पटींनी वाढल्यानंतर कुवेतच्या शेअर बाजारात सट्ट्याला उधाण आले होते, आणि 1977 साली, म्हणजे मालिकेच्याच वर्षी, तो बाजार कोसळला तेव्हा सरकारने पडत्या भावाचे शेअर स्वतः विकत घेऊन गुंतवणूकदारांना वाचवले. या बचावातून लोकांनी काढलेला धडा उलटा होता: नफा आपला, तोटा सरकारचा. त्यानंतर अधिकृत बाजाराला समांतर असा ‘सूक अल-मनाख’ नावाचा बाजार फोफावला. तेथे मुख्यतः बहारीन आणि संयुक्त अरब अमिरातींत नोंदवलेल्या, अनेकदा नावापुरत्याच असलेल्या कंपन्यांच्या शेअरची उलाढाल पुढल्या तारखेच्या धनादेशांवर चाले. पुढल्या तारखेचा धनादेश म्हणजे आज माल घेऊन पैसे काही महिन्यांनी देण्याचे वचन. असा धनादेश केव्हाही बँकेत भरण्याचा हक्क तेथील कायद्याने धारकाला होता, परंतु भाव चढत आहेत तोवर तो कोणी बजावायचा नाही अशी अलिखित समजूत होती. पासपोर्ट कार्यालयात नोकरीस असलेल्या एका तरुणाने अशा वचनांवर अब्जावधी डॉलरचे व्यवहार उभे केले. 1982च्या ऑगस्टमध्ये ही समजूत मोडली, धनादेश परत येऊ लागले, आणि हिशेब लागला तेव्हा सुमारे 29,000 धनादेशांची दर्शनी रक्कम 94 अब्ज डॉलरच्या घरात गेली होती.

मालिकेतील भाऊ आणि मनाखचे सटोडिये यांच्यात फरक केवळ आकड्यांचा होता. येथे एक आक्षेप घेता येतो: एवढी नेमकी पूर्वसूचना देऊनही समाजाने काही शिकले नसेल, तर त्या कलाकृतीचे श्रेष्ठत्व कशात मानायचे? अब्दुलहुसेन अब्दुलरिदा यांनी 1983 साली ‘फुरसान अल-मनाख’, म्हणजे ‘मनाखचे स्वार’, हे नाटक रंगभूमीवर आणले आणि प्रेक्षक पुन्हा हसले. परंतु हा आक्षेप कलेकडून कायद्याचे काम मागतो. सरकारी तिजोरी बुडित सट्टेबाजाला हात देते हे 1977 साली लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्या अनुभवापुढे कोणत्याही प्रहसनाचा उपदेश फिका पडणारच होता. अर्थशास्त्रज्ञ ज्याला ‘रेंटिअर राज्य’ म्हणतात, म्हणजे प्रजेच्या करांऐवजी तेलासारख्या नैसर्गिक संपत्तीच्या बाह्य उत्पन्नावर चालणारे आणि ते उत्पन्न वाटून देणारे राज्य, त्यात मिळकत आणि कष्ट यांचा सांधा तुटणे ही एखाद्याच्या चारित्र्याची चूक राहत नसून व्यवस्थेचा गुणधर्म बनतो. मालिकेने हा गुणधर्म सिद्धांताची भाषा न वापरता, दोन भाऊ आणि त्यांच्या आईच्या घरात बसवून दाखवला, आणि हे तिचे सर्वांत मोठे यश आहे.

तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत, आणि लौकिकाच्या झगमगाटात त्या झाकल्या जातात. पहिली मर्यादा अशी की पैसा कोठून आला आणि तो याच रीतीने का वाटला गेला हा प्रश्न ती विचारत नाही. मूल्यांकनाचे दर कोण ठरवत होते, कोणाच्या जमिनींना अधिक भाव मिळत होता, याविषयी ती मौन बाळगते. 1976च्या ऑगस्टमध्ये कुवेतची राष्ट्रीय सभा विसर्जित झालेली होती, आणि त्या वातावरणात सरकारी दूरचित्रवाणीकडून असा प्रश्न अपेक्षिणे अवास्तव ठरेल. तरी मौनाचे कारण समजल्याने मौन भरून निघत नाही. दुसरी मर्यादा स्त्रीपात्रांची आहे. या भावांची आई अब्दुलअझीझ अल-नमश या पुरुष नटाने रंगवली. बालगंधर्वांची परंपरा असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात वावगे वाटणार नाही. परंतु कुवेतच्या रंगभूमीवर 1960च्या दशकारंभापासूनच स्त्रिया काम करू लागल्या होत्या आणि 1977 साली सुआद अब्दुल्ला व हयात अल-फहद यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्री उपलब्ध होत्या. त्यामुळे ही निवड नाइलाजाची नसून हशा मिळवण्याची होती, आणि तिने घरातील एकमेव शहाणपणाच्या आवाजाला थट्टेचा विषय करून टाकले.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. 1965च्या जनगणनेपासूनच कुवेतमध्ये बिगर-कुवेती रहिवासी बहुसंख्य होते, आणि तरीही मालिकेच्या जगाच्या केंद्रस्थानी त्यांना स्थान नाही. त्या देशातील फसवणुकीची सर्वांत दीर्घायुषी तऱ्हा मात्र याच बहुसंख्येच्या वाट्याला आली. ‘कफाला’ म्हणजे परदेशी कामगाराचा वास्तव्याचा परवाना स्थानिक हमीदाराशी, कफीलशी, बांधून ठेवणारी पद्धत. तिच्या आडोशाने परवान्यांचाच व्यापार वाढला. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून ज्याला ‘आझाद व्हिसा’ म्हटले जाते, त्यात कागदोपत्री हमीदार असतो, प्रत्यक्षात नोकरी नसते, कर्ज काढून दलालाला पैसे मोजलेले असतात आणि पकडले गेल्यास गुन्हेगार ठरतो तो कामगारच. पिरॅमिड विकत घेणारा आणि अस्तित्वात नसलेली नोकरी विकत घेणारा यांच्यात नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे, कारण पहिल्याला लोभ फसवतो तर दुसऱ्याला गरज. ‘दर्ब अल-झलग’ला पहिल्या फसवणुकीची नस सापडली, दुसरी तिच्या दृष्टीच्या टापूतच आली नाही.

या मर्यादा मान्य करूनही आजच्या गुन्हेनाट्यांच्या पंक्तीत ती कमी ठरत नाही. हंसल मेहता यांच्या ‘स्कॅम 1992’ (2020) या मालिकेने हर्षद मेहता प्रकरणातील बँकव्यवहारांची गुंतागुंत सामान्य प्रेक्षकाला समजावून दिली हे खरे, परंतु तिने घोटाळ्याच्या नायकाला असे तेज बहाल केले की त्याचे संवाद जिद्दीची सुभाषिते म्हणून फिरू लागले. कुवेतच्याच 1980च्या दशकातील शेअर बाजारावर बेतलेली ‘द एक्स्चेंज’ (2023) ही नेटफ्लिक्सवरील मालिका पुरुषांच्या बाजारात शिरणाऱ्या दोन स्त्रियांची कथा सांगून जुन्या मालिकेतील एक उणीव भरून काढते; तथापि तिचेही आकर्षण डाव जिंकण्यातच आहे. चातुर्याची भूल न पडू देता फसवणूक दाखवणे हे अवघड काम 1977च्या त्या मालिकेने विनोदाच्या साहाय्याने साधले, कारण हास्यास्पद माणसाचे अनुकरण करावेसे कोणाला वाटत नाही.

तिचा लौकिक आज ज्या कारणासाठी मिरवला जातो, ते कारण मात्र दुबळे आहे. जुने वाडे, साधी माणसे, एकत्र हसणारी कुटुंबे अशा हरवलेल्या सुखाच्या आठवणींशी ती जोडली गेली, आणि 2017च्या ऑगस्टमध्ये अब्दुलहुसेन अब्दुलरिदा यांच्या निधनानंतर ही भावना अधिकच गडद झाली. मालिकेतील माणसे पैशापुढे जराही साधी नाहीत, हे स्मरणरंजनाच्या भरात विसरले जाते. तेव्हा निर्णय असा करावा लागतो की ‘दर्ब अल-झलग’ आपल्या कीर्तीस पात्र आहे, परंतु ती सुखाच्या दिवसांची आठवण म्हणून नव्हे, तर आयत्या पैशाच्या समाजात गुन्हा कसा सर्वांच्या संमतीने घडतो याचा पुरावा म्हणून. आणि परवान्यासाठी कर्ज काढणाऱ्या कामगाराची कथा तितक्याच ताकदीने सांगितली जाईपर्यंत हा पुरावा अर्धाच आहे, हेही त्या कीर्तीसोबत नोंदवले गेले पाहिजे.