कठड्याजवळचे गुडघे

पाय जमिनीला टेकू द्या. श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आता बर्फ पाहा. पांढरा, आधी खेळून गेलेल्या मुलींच्या ओरखड्यांनी भरलेला.

25 फेब्रुवारी 2010, व्हँकूव्हर. हिवाळी ऑलिम्पिक, फिगर स्केटिंग. निळ्या पोशाखातली 19 वर्षांची युना किम बर्फावर उभी आहे. गर्श्विनचं संगीत सुरू होतं.

सगळं जग तिच्याकडे पाहतंय. आपण नजर हळूच कठड्याकडे नेऊ या.

तिथे तिचे प्रशिक्षक उभे आहेत. ब्रायन ऑर्सर. पायात साधे बूट.

त्यांच्या गुडघ्यांकडे पाहा. नुसतं पाहा.

ती उलटी सरकत जाते, डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर. पातं जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. मधे पन्हळ, दोन्ही कडांना धार. सगळं अंग त्यातल्या एका धारेवर तोललेलं.

थांबा. श्वास चालू असू द्या.

तिच्या उजव्या पायाचं टोक बर्फात रुततं. ती हवेत.

आणि इकडे, कठड्याशी, तेही उडतात. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसं.

तीन गिरक्या. पुरता सेकंदही नाही. ती उजव्या पायावर उतरते, आणि लगेच पुन्हा वर.

मला तिच्या उडीइतकीच ही कठड्याजवळची उडी पाहावीशी वाटते. खरं तर जास्तच. हिला कुणी गुण देत नाही.

पुन्हा गुडघ्यांकडे या. वाकतात, सुटतात. वाकतात, सुटतात. त्यांत काय साठलंय, कान देऊन ऐका.

कॅल्गरी, 1988. तेही हिवाळी ऑलिम्पिक, आणि बर्फावर तेव्हा ऑर्सर स्वतः. देश हाच, कॅनडा. उद्घाटनाला देशाचा ध्वज त्यांच्याच हातात. ते विश्वविजेते. एका उडीवरून उतरताना पाऊल जरासं अडखळतं. पुढे ट्रिपल ॲक्सल ही अवघड उडी दुसऱ्यांदा घेताना ते डबलवरच थांबतात. पाच परीक्षक अमेरिकेच्या ब्रायन बॉइटानोच्या बाजूने, चार त्यांच्या.

रौप्य. चार वर्षांपूर्वी सारायेवोतही रौप्यच होतं.

श्वास घ्या. ते रौप्य आहे तसं राहू द्या. त्याला पुसायचं नाही, उजळायचंही नाही.

हळूहळू व्हँकूव्हरला या. संगीत थांबलंय. युना रडते आहे. कठड्याशी ऑर्सर यांचे दोन्ही हात वर गेलेत.

228.56 गुण. सुवर्ण तिचं.

या क्षणी घाई नको. एक श्वास तिच्यासाठी. एक त्यांच्यासाठी.

पुढे 2014 ला सोचीत आणि 2018 ला प्योंगचांगमध्ये त्यांचाच शिष्य युझुरू हान्यूने सुवर्ण जिंकलं, तेव्हाही ऑर्सर कठड्याशीच होते. यातली एखादी चित्रफीत मिळाली, तर खेळाडूला एकदा पाहून घ्या. मग परत लावा, आवाज बंद करा, आणि फक्त कठडा पाहा.