देवाच्या नावाचं माप

तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारातल्या गणपतीला रोज दीडशे केळी मिळावीत, अशी राजराज चोळाची इच्छा होती. त्यासाठी त्यानं शहरातल्या पेठांमधल्या व्यापाऱ्यांकडे ३६० कासू ठेव म्हणून दिले. कासू हे तेव्हाचं नाणं. कासूमागे वर्षाला एक अष्टमांश कासू व्याज, म्हणजे साडेबारा टक्के. व्याजाचे झाले ४५ कासू. केळ्यांचा भाव कासूला १२००. पंचेचाळीस गुणिले बाराशे, चोपन्न हजार. वर्षाचे दिवस ३६० धरून भागा: रोजची १५० केळी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. हे सगळं दगडावर कोरलेलं आहे.

मी तंजावरचीच. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, अशा घरांपैकी आमचं एक. लहानपणापासून ‘पेरिय कोविल’मध्ये, म्हणजे याच मोठ्या देवळात, जात आले, नंदीला हात जोडत आले, पण जोत्यावरची ती अक्षरं मला फक्त अक्षरंच वाटायची. त्यांच्या छापील अनुवादाकडे वळले ते कामामुळे. काम म्हणजे इथल्या एका मोठ्या भातगिरणीत देखभालीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या ईआरपीला जोडणं. पहिल्याला ठाऊक असतं कुठलं यंत्र कधी उघडलं, कुठे ग्रीस घातलं, कोणत्या फिटरनं काय बदललं. दुसऱ्यात खरेदी, साठा, पगार, विक्री आणि वर्षअखेरचा ताळेबंद. दोघं एकाच छपराखाली राहतात आणि बोलत नाहीत. देखभालीचं सॉफ्टवेअर म्हणतं, एलिव्हेटरचं बेअरिंग या आठवड्यात बदला. स्टोअर म्हणतं, माल नाही. खरेदीवाले म्हणतात, आमच्याकडे मागणीच आली नाही. तिघंही खरं बोलत असतात. आणि उकड्या तांदळाची गिरणी म्हणजे वाफ, ओलं भात, उडणारा कोंडा. तिथं बेअरिंग कुणासाठी थांबत नाही.

आमच्या काकांना मी हे समजावून सांगत होते आणि ओघात त्या केळ्यांचा लेख वाचून दाखवला. त्यांना तो आवडला नाही. काका रामदासी परंपरेतले; रोज सकाळी उपासना झाल्याशिवाय पाणीही घेत नाहीत. ते म्हणाले, “पोरी, देवाला केळं वाहायचं तर वाहावं. त्याचं व्याज कसलं काढायचं? हिशेब शिरला की सेवा गेली.” आणि मग त्यांनी तुकोबांचं नाव घेतलं. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवणारा माणूस आमचा संत, दगडावर व्याजाचा दर कोरणारा राजा नव्हे.

हा आक्षेप हलका नाही. गेली कित्येक वर्षं मी जे काम करते आहे, त्याच्या मुळावरच तो बोट ठेवतो. निरपेक्ष कर्म करावं असं शिकत आपण मोठे होतो, आणि दिवसभर बसून कर्माचे तास, कर्माचा खर्च, कर्मासाठी लागलेला माल यांच्या नोंदी जुळवतो. काळजी घेणं ही मनाची गोष्ट असेल, तर ती खात्यात उतरवल्यावर तिचं काय उरतं?

तुकोबांची ती गोष्ट मी पुन्हा नीट आठवून पाहिली. परंपरा सांगते की वडिलांच्या वेळची खतं त्यांनी आधी दोन वाट्यांत विभागली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा भावाच्या हाती दिला आणि बुडवला तो फक्त आपला. म्हणजे बुडवण्याआधी वाटणी झाली, आणि ती चोख झाली. बुडालं ते लोकांकडून येणं होतं. भावाचं देणं बुडालं नाही. काकांना मी हे म्हटलं, तेव्हा ते गप्प झाले; पटलं म्हणून की विचारात पडले म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

नाथांची गोष्ट याच्या शेजारी ठेवावीशी वाटते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढी एकाग्रता देवापाशी लागली तर काय होईल! कीर्तनात या गोष्टीचा उत्तरार्धच रंगवतात आणि पै ही तुच्छ वस्तू होऊन बसते. मला मात्र पूर्वार्ध महत्त्वाचा वाटतो. गुरूचं, राज्याचं, म्हणजे दुसऱ्याचं काही आपल्या हातून हरवू नये, यासाठी ती रात्र होती. तिथं बसणारं मन आणि पुढे देवापाशी बसलेलं मन वेगळं नव्हतं.

माझं म्हणणं आता सांगते. हिशेब दोन जातींचे. एक येण्याचा, एक देण्याचा. येण्याचा हिशेब माणूस आपोआप ठेवतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. देण्याचा हिशेब मनात राहतो, आणि मनात राहिला की त्या माणसाबरोबर निवृत्त होतो, बदली होऊन जातो, मरतो. आपल्याकडे माणूस देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण घेऊनच जन्माला येतो असं मानलं आहे. ज्या वस्तूवर आपण जगतो, तिचंही असंच ऋण आहे: ती देऊळ असो, कालवा असो की भात सोलणारं यंत्र. ते फेडायचं म्हणजे तिची निगा राखायची. आणि निगा टिकायची असेल तर हे देणं त्याच वहीत आलं पाहिजे, जिच्यात आपलं येणं लिहिलेलं आहे. देखभालीची वही वेगळी आणि तिजोरीची वेगळी राहिली, की वर्षअखेरीस ज्या वहीत पैसा आहे तीच बोलते.

राजराजाला हे कळलं होतं. १०१० च्या सुमारास देऊळ उभं राहिल्यावर त्यानं आज्ञा केली की मी दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, राण्यांनी दिलेलं, इतरांनी दिलेलं, सगळं विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, दगडावर कोरा. अक्का म्हणजे कुंदवै. नुसतं दान कोरून तो थांबला नाही. त्या दानातून काय, किती, कुणी, कधीपर्यंत द्यायचं तेही कोरवलं. एका नंदादीपामागे ९६ मेंढ्या. मेंढ्या नसतील तर ४८ गाई, किंवा १६ म्हशी. ज्या धनगराकडे त्या सोपवल्या, त्यानं रोज उळक्कु नावाच्या मापानं एक माप तूप आणायचं. अशा मेंढ्यांना तमिळ लेखांत मरण नाही आणि म्हातारपण नाही असं म्हटलेलं असतं. जनावरं मरणारच, कळपात नवी कोकरं येतात, त्यांतून गेलेल्यांची जागा भरायची आणि मोजायला आलेल्याला आकडा नेहमी ९६ मिळाला पाहिजे. तेलतूप आज आहे आणि उद्या नाही, म्हणून त्यानं तूप दान दिलं नाही. तूप जिथून येतं ते दिलं, आणि त्याला दिव्याशी बांधून टाकलं.

या लेखांत एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी कितीतरी वेळ तिथंच थबकले. भात मोजायचं ते ‘आडवल्लान’ नावाच्या मापानं, आणि ते माप राजकेसरी मापाइतकं आहे हेही सोबत कोरलेलं. सोनं तोलायचं तेही ‘आडवल्लान’ नावाच्याच वजनानं; रत्नांचे दागिने ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाच्या वजनानं. आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण असलेला शिव, नटराज. मापाला देवाचं नाव! काकांना सेवेतून हिशेब बाहेर हवा होता. इथं देव स्वतःच हिशेबाचं एकक होऊन बसला आहे, आणि कोठीत भात ओतणारा माणूस प्रत्येक मापागणिक त्याला हातात धरतो आहे.

आमच्या जोडणीच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो याच ठिकाणी. दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला लावणं, निरोप इकडून तिकडे पाठवणं, हे आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते दोघांनी एकाच वस्तूला एकच नाव देणं. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. आमच्या देखभालीच्या यादीत ते एका नावानं, ईआरपीत तीन वेगवेगळ्या कोडवर. कुणी ‘नग’ लिहिलेलं, कुणी ‘डबा’. स्टोअरच्या रॅकवर माल पडलेला आणि पडद्यावर साठा शून्य, कारण आपण चौकशी करतो ती दुसऱ्याच कोडची. मग वाटतं, तिन्ही एकत्र करून टाकावेत. तेही चालत नाही. मापं तीच असली तरी एकाला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं, झेडझेड. दुसऱ्याला रबराचं सील, टूआरएस. कोरड्या जागी पत्र्याचं चालतं. वाफेच्या, ओल्या भाताच्या जागी त्यातून पाणी आणि कोंडा आत शिरतो आणि ग्रीसची माती होते. कोणते दोन एक आहेत आणि कोणते दोन सारखे दिसूनही वेगळे आहेत, हे ठरवायला कोणतंही सॉफ्टवेअर पुरत नाही. आमचे स्टोअरवाले अण्णा चष्मा कपाळावर चढवून एकेक बेअरिंग अंगठ्यावर फिरवून बघतात, सीलवर नख दाबतात आणि मग नाव सांगतात. ते सांगतील ते मी यादीत लिहिते. या कामाला उपासना म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मराठी वाचकाला इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. याच देवळाच्या भिंतीवर मराठीतही मोठा लेख आहे, १८०३ चा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला, भोसले वंशाचा इतिहास सांगणारा. आम्हा तंजावरकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो असावा. तरी दोन्ही लेख शेजारी ठेवले की फरक जाणवतो: आमच्या लोकांनी भिंतीवर वंश कोरला, चोळांनी मेंढ्या आणि केळी कोरली. अर्थात मराठ्यांनी हिशेब ठेवले नाहीत असं मुळीच नाही. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी दप्तरं हिशेबांनीच भरलेली आहेत, नुसते त्यांतले खर्च वाचले तरी त्या दरबाराचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. फक्त ती रुमालात बांधलेली राहिली. आज देऊळही तीन हातांत आहे. दगडांची निगा पुरातत्त्व खात्याकडे, पूजाअर्चा भोसले घराण्याच्या वंशपरंपरागत विश्वस्तांच्या देवस्थानाकडे, ज्याच्याकडे एकूण ८८ देवळं आहेत. आणि त्यावर राज्याच्या धर्मादाय खात्याची देखरेख. तिघांची कामं मोलाची. पण गाभाऱ्यातला दिवा आणि गाभाऱ्याचा दगड एकाच वहीत असण्याचे दिवस गेले.

आगमांत, म्हणजे देवळांच्या विधींच्या ग्रंथांत, दुरुस्तीचा जो विधी आहे तो मला याच संदर्भात फार थोर वाटतो. देवळाचं मोठं काम काढायचं तर आधी मूर्तीतलं चैतन्य मंत्रांनी कुंभात घेतात, बालालयात, म्हणजे तात्पुरत्या देवळात, ठेवतात, तिथं पूजा चालू राहते. काम संपलं की पुन्हा प्रतिष्ठा, म्हणजे कुंभाभिषेक. पीठ आणि मूर्ती जोडणारा अष्टबंधाचा लेपही कायमचा मानलेला नाही. साधारण बारा वर्षांनी तो नव्यानं घालावा अशी रीत. बृहदीश्वराचा कुंभाभिषेक १९९७ मध्ये झाला आणि त्यानंतर थेट २०२० च्या ५ फेब्रुवारीला. म्हणजे देवाची वस्तूही झिजते, हे इथं धर्मानंच कबूल केलं आहे. झिजणं हा अपमान नाही. झिजेची तारीख लिहून ठेवली नाही, तर तो अपमान.

इथपर्यंत माझ्या मनात शंका नाही. पुढे आहे.

धनगरानं तूप द्यायचं, त्याच्यामागे त्याच्या नातलगांनी, चंद्रसूर्य असेतो. देवळाच्या सेवेसाठी चोळदेशातल्या ठिकठिकाणच्या देवळांतून ४०० स्त्रिया आणून वसवल्या; प्रत्येकीचं नाव, गल्ली, गल्लीची बाजू, घराचा क्रमांक कोरलेला आहे, वाट्याला वर्षाला १०० कलम (कलम हे धान्याचं माप) भात. कुणी मेलं किंवा गाव सोडून गेलं तर जवळच्या नातलगानं तो वाटा घेऊन काम करावं. तो लायक नसेल तर त्यानं लायक माणूस निवडून द्यावा. हजार वर्षांपूर्वी इतकी नेटकी तजवीज! आणि तरी वाचताना माझा घास अडतो. वस्तूचं ऋण राजाचं होतं. फेडायला लावलं ते न जन्मलेल्या पोरांना. त्या बायकांची नावं दगडावर आहेत. त्यांना काय हवं होतं, याची नोंद मात्र नाही.

हीच गोष्ट मला गिरणीत दिसते. देखभालीचं काम पूर्ण झालं की फिटर मोबाइलवर नोंद बंद करतो. तिथं शेऱ्याची जागा आहे. आमचा एक फिटर तिथं तमिळमध्ये दोन-दोन ओळी लिहितो: आवाज बेअरिंगचा नव्हता, पट्टा एका बाजूला ओढतोय, बेअरिंग बदललं तरी महिन्याभरात पुन्हा जाईल. नोंद बंद होते आणि ईआरपीकडे तीन गोष्टी जातात: तास, माल, रक्कम. त्या दोन ओळी अलीकडेच राहतात. पैशांच्या वहीत तो माणूस अमुक तास एवढाच उरतो, आणि पुढच्या महिन्यात खरेदीवाले विचारतात की एकाच एलिव्हेटरला इतकी बेअरिंगं का लागतात.

जोडणी करून देणाऱ्यांचं म्हणणं, शेरा पलीकडे नेण्याची सोय मूळ आराखड्यात नाही. वेगळा खर्च येईल. मी त्यांना सांगितलं आहे की तो खर्च धरा. व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत हा पहिला विषय ठेवला आहे, आणि सोबत त्या फिटरच्या शेऱ्यांची यादी तारखांसह जोडली आहे, त्याच्या नावानिशी, त्याला विचारून.