सात ग्रॅमला दिलेले गुण

पाच ग्रॅम ॲसिटॅनिलाइडचं नायट्रेशन केलं, तर पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइड 6.7 ग्रॅमच्या आतच मिळतं. जास्त मिळूच शकत नाही. तरीही जर्नलमधल्या '7.1 ग्रॅम'वर मी सही केली आहे, गुणही दिले आहेत. पावसाळ्यात वसईत फिल्टर पेपरवरचा पदार्थ लवकर वाळत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या आकड्यात पाणी आहे, हेही कळत होतं. पण बॅच आटपायची होती. 'वाळवून परत वजन कर' एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

यील्डला गुण, मेल्टिंग पॉइंटला गुण. मुलं हे चटकन ओळखतात आणि पुस्तकातला 215 चा आकडा आधीच पेन्सिलीने लिहून ठेवतात. मी त्याला आळस म्हणत आलो. पण 198 ला वितळलं म्हणून 198 लिहिणाऱ्याला मीच कमी गुण देत असेन, तर खोटं लिहायला शिकवलं कुणी? खरं तर तो 198 च बोलका. ऑर्थो-समघटक मागे राहिला का? स्फटिक ओलेच होते का? हे विचारायचं सोडून मी आकड्याखाली रेघ ओढतो.

फळ्यावरही तेच. बेन्झिनपासून एन-प्रोपिलबेन्झिन करा म्हटलं, की कित्येक जण 1-क्लोरोप्रोपेन आणि ॲल्युमिनियम क्लोराइड लिहितात. मधल्या टप्प्यात हायड्राइड सरकतो आणि हाती येतं मुख्यतः क्युमीन. मी फुली मारतो आणि आधी ॲसिलेशन, मग क्लेमन्सन रिडक्शन, असं सांगून मोकळा होतो. पण हा मार्ग सुचतो कसा? हव्या त्या रेणूपासून एकेक बंध तोडत मागे जाण्याची शिस्त घालून देणाऱ्या कोरींना 1990 चं नोबेल मिळालं. मी मात्र सगळं डावीकडून उजवीकडे लिहितो, जणू पहिल्याच फटक्यात सुचलं. माझ्या चुकलेल्या वाटा घरीच पुसून येतो.

यातली काही मुलं उद्या डहाणू लोकलने बोईसरला, तारापूर एमआयडीसीत कामाला जातील. रिॲक्टरमधल्या नायट्रेशनची उष्णता वेळेत काढली नाही, तर तापमान हाताबाहेर जातं. तिथे खोट्या नोंदीने माणूस जाऊ शकतो.

यंदा गुण देण्याआधी 'आकडा असा का आला?' हे विचारायचं ठरवलं आहे. उत्तर पटलं, तर कमी यील्डलाही पूर्ण गुण. बाहेरून येणारे परीक्षक हे मानतील का, सांगता येत नाही. वर्षभराची जर्नलं तरी मीच तपासतो.