देहाचा हक्क

दहा किलोमीटर सहज धावता येऊ लागले, की आपल्याला ४२.१९५ किलोमीटर खुणावू लागतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने ही ओढ आपल्या मोहल्ल्यापर्यंत आणली. प्रश्न असा, की देह ही अल्लाहची अमानत असेल तर तो इतका ताणण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

उत्तर सरावातच सापडते. दहा किलोमीटर जिद्दीवर निभतात. मॅरेथॉनमध्ये मात्र तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंत साठलेली साखर संपत येते आणि नुसती जिद्द पुरत नाही. म्हणून आठवड्यातली लांब धाव मुद्दाम संथ ठेवायची, अंतर थोडेथोडे वाढवायचे, विश्रांतीचा दिवस पाळायचा. घाई केली की नडगी दुखावते. इथे नफ्सला चाबूक नव्हे, लगाम हवा. यालाच आपण सब्र म्हणतो.

पण हदीसमध्ये देहाच्या हक्काबरोबर घरच्यांचाही हक्क सांगितला आहे. रविवारी फजरनंतर तीन तास आपण रस्त्यावर असतो, तेव्हा मुलांचा नाश्ता, म्हाताऱ्या आईचे औषध घरातल्या बाईवरच पडते. तिलाही तेवढाच मोकळा वेळ आपण देत नसू, तर हा सब्र आपला नव्हे, तिचा आहे.